सुरयाची अंडी आणि मामांचा पाऊस

आमच्या जालना जिल्ह्याला समुद्र नाही. ज्याला बघायचा असतो तो कोकणात जातो, नारळपाणी पितो, नाक सोलपटून परत येतो आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत आम्हाला लाटांच्या गोष्टी ऐकवतो. पण समुद्री पक्ष्यांच्या घराण्यातला एक पक्षी मात्र आमच्याकडे आहे. त्याचे बरेचसे भाऊबंद समुद्रावर फिरतात आणि हा पठ्ठ्या गोदावरीवर राहतो. पुस्तकात त्याला नदी सुरय म्हणतात. पिवळीधमक चोच, डोक्यावर काळी टोपी, तांबडे पाय. हवेत जागच्या जागी फडफडतो, मग पाण्यात दगडासारखा पडतो आणि मासोळी घेऊन वर येतो. माझ्या मामांच्या गावात त्याला नुसतं पाणपाखरू म्हणतात. त्या पाखराकडे गावात कोणी ढुंकून बघत नाही. त्याच्या अंड्यांकडे मात्र सगळ्या गावाचं लक्ष असतं.

टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज सांगणारे लोक गावोगाव सापडतील. मामांच्या घराण्याला टिटवी जरा हलकी वाटते. "टिटवी बांधावरबी अंडं देती, रस्त्याच्या कडंलाबी देती. तिला पाण्याचं काय कळतं?" असं मामा म्हणायचे. उन्हाळ्यात नदी उतरली की मध्ये वाळूचं बेट उघडं पडतं आणि सुरय त्या उघड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतात. ती बघायचा मान मामांच्या आजोबांपासून त्यांच्याच घरात. खळग्यात तीन अंडी असली तर पाऊस भरपूर. दोन असली तर मध्ये खंड पडणार. एकच असलं तर आताच कडबा घेऊन ठेवा. खळगा पाण्यापासून लांब असेल तर नदीला पूर, जवळ असेल तर नदी नुसती खळखळणार.

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर मामा हा सगळा निकाल जाहीर करायचे. त्यासाठी ग्रामपंचायतीतून हातांची खुर्ची यायची. मामा इस्त्रीचा सदरा घालायचे, जो त्या दिवसानंतर थेट कुणाच्या तरी लग्नातच दिसायचा. लोक नारळ आणायचे. कापूस किती, तूर किती, सोयाबीन किती, हे सगळं मामांच्या तोंडून निघेल त्यावर ठरायचं. मामा घसा खाकरायचे तेव्हा पारावर पोरंसुद्धा गप्प बसायची. मी हे लहानपणापासून बघत आले आणि पुढे अंबडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागल्यावर मामांना तोंडावर सांगायलाही लागले, की हा सगळा भंपकपणा आहे. त्यावर मामा म्हणायचे, "तुहं शास्त्र कॉलेजात ठेव बाई. पारावर आणू नको, पोरं घाबरतेत."

आणि माझा संताप व्हायचा तो यासाठी की मामांचं बरेचदा खरं निघायचं. सुरय साधारण दोन-तीन अंडी घालतो आणि आमच्याकडे पाऊसही साधारण पडतो किंवा मध्ये खंड देऊन पडतो. यात चुकायला वाव कमी होता. हे मी मामांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तूबी कबूल करून राह्यली."

गेल्या काही वर्षांत मात्र गणित बिघडलं. मामा बेटावर जायचे तर खळग्यात एखादं अंडं धड आणि बाकीची चेपलेली. कधी सगळीच चेपलेली. मामांनी त्यांच्या पद्धतीनं हिशेब मांडला: फुटलेलं अंडं म्हणजे वाया गेलेला महिना. गेल्या वर्षी त्यांनी पारावरून छातीठोक सांगितलं, औंदा पाऊस नावाला. लोकांनी हात आखडता घेतला. आणि मग पाऊस असा लागला की बांध फुटले, मोसंबीच्या बागांत गुडघाभर पाणी साचलं आणि मामांच्या स्वतःच्या गोठ्यातून म्हशीच्या पेंडीचं टोपलं वाहून शेजारच्या गावात गेलं. ते टोपलं ज्याला सापडलं त्यानं ते हारफुलं घालून परत आणून दिलं.

तेव्हापासून वडीगोद्रीला हायवेवरच्या हॉटेलात मामा चहाला गेले की कोणीतरी विचारायचंच, "मामा, आज छत्री घेऊ का होडी?" मामा हसायचे. मग हळूहळू त्यांनी चहालाच जाणं सोडलं. हे मामींनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मला गोष्टीचं गांभीर्य कळलं. मामांनी एक वेळ जेवण सोडलं असतं तर मी म्हटलं असतं उपास असेल. पण हायवेवरचा चहा सोडला म्हणजे माणूस आतून खचलाय.

यंदा होळी झाली आणि मामा सकाळी सकाळी अंबडला माझ्या दारात उभे. आत आले, पाणी प्यायले, पंख्याकडे बघत बसले.

"औंदा चुकलं तर खुर्ची गेली," ते म्हणाले. "लोकं म्हणून राह्यले, खुर्ची कामून आणायची, मोबाइलमधी दिसतंय सगळं. माह्या आज्यापासूनचं हाय हे. माह्या हातानं जावं का?"

"मग मी काय करू मामा?"

"तू पाखराची मास्तरीण हायेस ना? अंडे कामून फुटून राह्यले ते सांग. बाकी पाऊस मी बघतो."

आयुष्यात पहिल्यांदा मामांना माझं शास्त्र हवं होतं. मी इतकी हुरळले की चहात साखर टाकायची विसरले आणि मामांनी तो बिनतक्रार प्यायला, इतके ते गळाठले होते.

सुरय अंड्यांवरून उठला की उन्हात अंडी भाजून निघतात, म्हणून मी ऊन चढायच्या आत जायचं आणि जल्दी निघायचं असं ठरवलं. दुसरी अट अशी की अंड्याला हात लावायचा नाही. माझी तिसरी तयारी म्हणजे माझ्या स्कूटीचं हेल्मेट. घरट्याजवळ माणूस गेला की हे पक्षी डोक्यावर सूर मारतात, हे मी वर्गात शिकवत आले होते. मी गुलाबी हेल्मेट घालून, साडी खोचून, चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून बेटाकडे निघाले तेव्हा काठावर जाळी वाळत घालणारी माणसं काम टाकून उभी राहिली. एकानं मोबाइल काढला. मामा माझ्यापासून जरा अंतर ठेवून चालत होते, जणू आम्ही वेगवेगळ्या कामाला निघालोय.

बेटावर पाय ठेवताच सुरय उठले. किर्र किर्र करत एकेक जण सरळ माझ्या हेल्मेटवर यायचा, टक्क करून चोच मारायचा आणि जाताना शिटून जायचा. नेम इतका अचूक की कौतुक वाटावं. मामांच्या टोपीला मात्र एकानंही हात लावला नाही. "वळखतेत मला," मामा म्हणाले. मला वाटतं गुलाबी रंगाचा दोष असावा. काही का असेना, मी काचेतून दिसेल तेवढं बघत खळग्याखळग्याशी वाकत गेले.

आणि मग माझं हसू गेलं. एका खळग्यात अंडं बसकं झालं होतं, हवा गेलेल्या चेंडूसारखं. आतलं वाळूत मुरलं होतं, त्यावर मुंग्या होत्या. पलीकडच्या खळग्यातही तेच. कोल्ह्याकुत्र्याचा पाय नाही, कावळ्याच्या चोचीचं भोक नाही.

"कोणी दाबलं असंल?" मामांनी विचारलं.

"आईनं," मी म्हटलं. "ऊब द्यायला बसली आणि तिच्याच वजनानं फुटलं. कवच पातळ पडलंय मामा."

मामांनी टोपी काढली आणि परत घातली. आम्ही फुटक्या कवचाचे चार तुकडे रुमालात घेतले आणि निघालो. मागं बघितलं तर एक सुरय त्या चेपलेल्या अंड्यावर परत येऊन बसला होता. मला फार वाईट वाटलं. हेल्मेटमध्ये रडू आलं तर डोळे पुसता येत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

आता प्रश्न असा, की पातळ म्हणजे कशाच्या तुलनेत पातळ? इथं मामांच्या घराण्यानं मला चकित केलं. त्यांच्याकडे अशी पद्धत की पिल्लं उडून गेली की एका घरट्यातलं फुटकं कवच आणायचं आणि कापसात गुंडाळून बियाण्याच्या मडक्यात ठेवायचं. बी चांगलं उगवतं म्हणे. मामींनी मडकं उपडं केलं आणि खालून कापसाच्या गुंडाळ्या निघाल्या, मामांच्या आजोबांच्या काळापासूनच्या. मी कॉलेजातून जाडी मोजायचं स्क्रू गेज आणलं होतं. ते देताना पदार्थविज्ञानाच्या सरांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं, की यानं सुपारी फोडणार नाही.

मडक्यातली जुनी कवचं मामींनी बोटात धरली तर कडक लागत होती. अलीकडची नुसती उचलली तरी भुगा होत होती. स्क्रू गेजनं जे दाखवलं ते मामींच्या बोटांनी आधीच सांगितलं होतं. कोणी विद्वान याला पुरावा म्हणणार नाही, आणि मीही वर्गात म्हणणार नाही. पण मला जे कळायचं ते कळलं.

मी मामांना ओट्यावर बसवून सांगितलं. शेतात फवारलेलं औषध पावसानं नाल्यात उतरतं, नाल्यातून नदीत, नदीच्या गाळात बसतं. गाळातले किडे ते खातात, किडे मासोळी खाते, मासोळी सुरय खातो. प्रत्येक पायरीला विष साठत जातं, आणि सगळ्यात वर बसलेल्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त येतं. काही औषधं बंद होऊन जमाना झाला तरी गाळातून हलत नाहीत. त्यांतली काही अशी असतात की पक्ष्याच्या अंगात चुना असूनही तो कवचापर्यंत पोचू देत नाहीत. समुद्रावरच्या पक्ष्यांचं असंच झालेलं आहे. आपल्याकडे नेमकं कुठलं औषध, हे मला सांगता येणार नाही.

"पण म्या तर कापसावर मारतो," मामा म्हणाले. "पाखरावर थोडंच मारतो?"

"नाला कुणाच्या वावरातून जातो मामा?"

मामांनी नाल्याचा विषय टाळला. एवढ्या सगळ्या व्याख्यानातला त्यांनी एकच शब्द उचलला होता. चुना.

पुढचं मला मामींकडून कळलं, आणि तेही रडत-ओरडत. वडीगोद्रीच्या पानटपरीवाल्यानं कुणाला तरी सांगितलं, त्यानं मामींच्या भावाला सांगितलं, की मामा रोज चुन्याच्या डब्याच उचलून राह्यले, तंबाखूला भलतेच लागलेले दिसतात. मामींनी सदऱ्याचे खिसे तपासले. तंबाखू नाही, नुसता चुना. "तंबाखू खाल्ली असती तर म्या समजून घेतलं असतं," मामी फोनवर म्हणाल्या. "नुसता चुना खाणारा माणूस कसा सांभाळायचा?" आणि मग त्यांनी खरा बॉम्ब टाकला. त्या माळकरी. घरात मासळीचं नाव नाही. आणि त्यांच्या मिक्सरला सुकटीचा वास येत होता.

मामांनी ज्वारीच्या पिठात चुना आणि वाटलेली सुकट मळून गोळ्या केल्या होत्या. कवच पातळ म्हणजे चुना कमी, चुना कमी म्हणजे चुना द्या, आणि पाणपाखरू मासे खातं म्हणून सुकट. बिलकुल बिनतोड. रोज पहाटे मामा त्या गोळ्या बेटावर पेरून यायचे. सुरय जिवंत मासा पाण्यातून स्वतः धरून खातो, वाळूवरच्या लाडवाकडे बघतही नाही, हे त्यांनी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना सगळं ठीक झाल्यावर मला चकित करायचं होतं.

सुरय आले नाहीत. कावळे आले. आधी एक-दोन, मग गावच्या दहाव्याला जमतात तसे. चुन्यानं चोच भाजली तरी सुकटीसाठी ते येत राहिले, आणि आलेच आहोत तर म्हणून शेजारची अंडीही खाऊन गेले. मामींचा फोन मला लागला तोवर बेटावरचे बहुतेक खळगे रिकामे झाले होते.

मी त्याच दिवशी स्कूटी काढली आणि मामांना वाळूवर गाठलं. माझा स्वभाव तापट आहे, आणि तो मी दाबून ठेवला असं म्हणता येणार नाही. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? विषानं जे सोडलं होतं ते तुम्ही कावळ्यांना वाढलं!" मामांच्या हातात पिठाच्या गोळ्यांची पिशवी होती. मग ते खाली वाळूत बसले आणि म्हणाले, "एक राह्यलंय. तिकडं टोकाला." टोकाच्या खळग्यात खरंच एक अंडं होतं, धड. त्यावर मादी बसली होती आणि आमच्याकडे रागानं बघत होती. तिच्या रागापुढे मला माझा राग आवरता घ्यावा लागला.

अक्षय्य तृतीया तोंडावर आली. गावात कुजबुज होतीच. खुर्ची आणायची का नाही यावर ग्रामपंचायतीत वाद झाला म्हणे. मामींनी मामांना स्पष्ट सांगितलं, "तीन अंडे होते म्हणून सांगा. बेटावर कोण पाहायला चाललंय? लोक खुश, तुमी खुश. माह्या मिक्सरचं तेवढं बघा." मी त्या दिवशी मुद्दाम गावी गेले. मामा काय करतील याची मला धास्ती होती. एकच अंडं आहे असं खरं सांगितलं आणि पाऊस पुन्हा धो धो लागला तर खुर्ची कायमची जाणार. खोटं सांगितलं तर खुर्ची राहणार, आणि मामा तिच्यावर कसे बसणार ते मला बघवलं नसतं.

खुर्ची आली. शेवटी वाद मिटला तो असा, की आणायची, पण हार घालायचा नाही. मामा इस्त्रीचा सदरा घालून आले. लोक बसले. नारळ पुढं ठेवले गेले. मामांनी घसा खाकरला.

"औंदा पाऊस किती ते मला म्हाईत न्हाई," मामा म्हणाले.

पार हसला. लोकांना वाटलं, मामा होडीच्या थट्टेला उत्तर देताहेत. मामा खुर्चीवर बसलेही नव्हते. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे होते.

"मागल्या सालीबी म्हाईत नव्हतं," ते म्हणाले. "अंडे फुटले त्याच्यात पाऊस नव्हता. आपलं औषध होतं. नाल्यानं गेल्तं. नाला माह्याच वावरातून जातो." मग, "कावळ्यांचं काम बी माह्यंच."

आता कोणी हसलं नाही. मागून एक जण म्हणाला, "मंग मामा, कापूस किती लावावा?"

"मोबाइलमधी बघ," मामा म्हणाले आणि पारावरून उतरले.

लोक नाराज झाले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणाचे डोळे उघडले नाहीत. औषध नाही मारलं तर बोंडअळीचं काय करायचं, यावर बराच वेळ वाद झाला आणि तो मिटला नाही. ज्याचे त्याचे नारळ ज्यानं त्यानं परत नेले. दोघांनी खुर्ची उचलून ग्रामपंचायतीत ठेवली. रात्री मामी म्हणाल्या, आता पुढल्या साली ती येणार नाही. मामा म्हणाले, न्हाई येणार. त्यांनी सदरा स्वतःच घडी करून ठेवला. मला मामांचा अभिमान वाटला आणि ते सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "जेव गुपचूप, भाजी गार होऊन राह्यली."

नाल्याकडच्या पट्ट्यात यंदा फवारा लागणारं काही लावायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. शेजाऱ्यांनी काही ठरवलं नाही.

वैशाखाच्या उन्हात मी पुन्हा गेले तेव्हा मामा घरी नव्हते. मामींनी नदीकडे हनुवटी उडवली. काठावर बाभळीच्या सावलीत, बेटाच्या टोकासमोर, मामा गोफण घेऊन बसलेले. सगळा जन्म ज्वारीवरची पाखरं हाकलण्यात गेलेली ती गोफण; आता बेटाकडे कावळा वळला की मामा उठायचे, गरगर फिरवायचे आणि ओरडायचे. बहुतेक दगड पाण्यात पडत होते. मघाशी एक जाळी वाळत घालणाऱ्याच्या डब्यावर पडला होता आणि त्याचं भांडण नुकतंच मिटलं होतं. पलीकडे मादी अंड्यावर बसलेली. मधूनच ती उठायची, पाण्यात पोट भिजवून परत यायची आणि ओल्या पोटानं अंड्यावर बसायची.

पारावर नारळ परत नेणाऱ्यांपैकी एक जण म्हशी घेऊन पाण्याला आला होता. तो थांबला. इकडेतिकडे बघून, कोणी ऐकत नाही याची खात्री करून, त्यानं हळूच विचारलं, "मामा, आता पारावर न्हाई तर न्हाई. पण खरं सांगा. किती हायेत?"

"एक," मामा म्हणाले.

"म्हंजे एकच महिना पाऊस?"

"न्हाई रे," मामा म्हणाले. त्यांची नजर बेटावरून हलली नव्हती. "एक म्हंजे एक पिल्लू. झालं तर."